डाव्या हाताचं माप

बुकोम, अक्रा
२६ मे १९९०

ताई,

तिसऱ्या ठोशाला मी खाली बसलो. पडलो नाही, बसलो. समोरचा माणूस हात खाली करून माझ्याकडे बघत राहिला. कोणी आवाज केला नाही. सध्या होमोवो सणाआधीची बंदी चालू आहे, तुला माहीतच आहे: महिनाभर शहरात ढोल नाही, टाळी नाही, गाणं नाही. त्यामुळे जिममध्येही घंटा नाही की शिट्टी नाही. जिमचे उस्ताद अटा ओदोई कोपऱ्यात उभे राहतात. फेरी सुरू करायची तर पांढरा रुमाल वर धरतात, संपली की खाली सोडतात. तर मी बसलो आणि तीस-चाळीस माणसं तोंडावर हात धरून हसली. मोठ्यानं हसली असती तर मला कमी लागलं असतं.

हे तुला का लिहितोय ते सांगतो.

दोन आठवड्यांपूर्वी मास्टर क्वेनोरनी मला दुकानातून या जिममध्ये पाठवलं. बॉक्सरांच्या साटिनच्या आठ चड्ड्या पोचवायच्या होत्या. एक कमरेत सैल झाली. ती मी तिथंच बाकावर बसून टाचायला घेतली. समोर दोघं सराव करत होते. माझी सुई थांबली. अर्धा तास थांबली असेल. अटा ओदोई जवळ आले. सत्तरीचे आहेत, बारीक, नाक एका बाजूला गेलेलं.

"शिंपीबुवा, चड्डी झाली का?"

"झाली. तुमच्या त्या उंच माणसाचा उजवा खांदा ठोशाच्या आधी वर जातो. दर वेळी."

त्यांनी वळून पाहिलं. तीन ठोसे होईपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "वय काय तुझं?"

"बावीस."

"आणि बुकोमचा ना तू? मग इतकी वर्षं होतास कुठे?"

"कुमासीला. बहिणीनं वाढवलं."

"अरेरे," ते म्हणाले. मी तुरुंगातून सुटून आलो असावा, तसं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो. तेव्हापासून रोज जातो. दुकान उघडायच्या आत परत येतो, कामात खाडा नाही, मास्टरांना विचार. इथं मला सगळे 'कुमासीकर' म्हणतात. माझ्याहून लहान असलेले दहा-दहा वर्षं खेळलेत. दारात पानांत बांधलेले मक्याचे केंके विकणाऱ्या बायकासुद्धा सांगतात पाय कुठे ठेवायचा, आणि त्या बरोबर सांगतात.

ताई, मला व्यावसायिक बॉक्सर व्हायचं आहे. डिसेंबरात माझी शिंपीकामाची उमेदवारी संपेल, मग तू मला कुमासीला बोलावशील, हे मला ठाऊक आहे. मला थोडी मुदत दे. रागावशील, पण लिही.

तुझा
तेईको


कुमासी
९ जून १९९०

तेईको,

पत्र मिळालं. दुकानात उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते उत्तरेकडून तीन दिवस ट्रक चालवत आले होते. घास चावता चावता म्हणाले, "पोरगा आहे, मारामारी करणारच." मी म्हटलं, करायची होती तर दहाव्या वर्षी करायची होती. ते म्हणाले, "दहाव्या वर्षी तू करू दिली असतीस?" त्यांना मी दुसऱ्यांदा वाढलं नाही.

बुकोममध्ये बाविसाव्या वर्षी लोक बॉक्सिंग सोडतात. तू धरतोस.

आपली आई, आवो, गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. मी तुला इकडे आणलं ते कशासाठी, ते कधी बोलले नाही, आता बोलते. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बॉक्सरांची बोटं मी लहानपणी पाहिली होती. शर्टाचं बटण लावायला त्यांना बायको लागायची. तुझी बोटं तशी व्हायला नको होती. आणि तू त्याच बोटांत सुई धरून चालत चालत तिथंच गेलास.

तुला नाही म्हटलं तर तू चोरून जाशील, आणि चोरून खाल्लेला मार जास्त लागतो. म्हणून अट घालते. पुढच्या वर्षीच्या होमोवोपर्यंत मुदत. मी सणाला घरी येईन तेव्हा तुझ्या हातात बॉक्सिंग मंडळाचा परवाना पाहिजे. छापलेला, शिक्क्याचा. कोण काय म्हणालं, कोणी पाठ थोपटली, ते मला ऐकवू नकोस. परवाना नसेल तर सण झाल्यावर माझ्याबरोबर भावोजींच्या ट्रकमध्ये बसायचं, कुमासीला यायचं आणि माझ्या दुकानातल्या मशीनवर काम करायचं. मग बॉक्सिंग हा शब्द माझ्या घरात नको.

मान्य असेल तर आवोची शपथ घेऊन लिही.

रोज अंडं खा. शिटोची तिखट चटणी कमी खा, पोट बिघडेल.

देदेई


बुकोम
२४ सप्टेंबर १९९०

ताई,

शपथ मागच्या पत्रात लिहिली होती, मिळाली असेल.

पहिली लढत झाली. ठीक झाली. समुद्राकडून वारा होता, त्यामुळे उकडलं नाही. लोक पुष्कळ आले होते. अटा ओदोईंनी खूप शिकायला मिळालं असं सांगितलं. मास्टर क्वेनोरना सर्दी झाली आहे. मी अंडं खातो.

भावोजींना नमस्कार.

तेईको


कुमासी
७ ऑक्टोबर १९९०

तेईको,

वाऱ्याबद्दल वाचून बरं वाटलं.

काल बुकोमहून आफोलेमावशी आली होती, धुरावलेल्या माशांच्या टोपल्या घेऊन. माझ्याकडेच उतरली. पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "देदेई, तुझ्या भावाला रुमालाची बाधा झाली आहे का गं?"

मग तिनं सगळं सांगितलं. उठून, हात करून दाखवलं. पहिली फेरी तू चांगला खेळलास, हेही सांगितलं, ते आधी लिहिते. दुसऱ्या फेरीत पुढच्या रांगेतल्या एका जाड्या माणसानं घाम पुसायला खिशातून पांढरा रुमाल काढला, आणि पुसून खाली घेतला. आणि माझ्या भावानं दोन्ही हात खाली सोडले, शाळा सुटल्यासारखे. समोरच्यानं क्षणभर वाट पाहिली म्हणे. चांगल्या घरचा असणार. मग मारलं.

"उठला का?" मी विचारलं.

"पंचांनी नऊ मोजले तेव्हा उठला," ती म्हणाली. "आणि त्या जाड्याकडे असा बघत होता की तो बिचारा रुमाल शर्टात लपवून बसला."

मी हसले नाही. भावोजी अंगणात जाऊन हसले.

हरलास तर हरलो असं लिही. मी तुझ्याकडून विजय मागितलेला नाही. पण मला वाऱ्याच्या गोष्टी सांगू नकोस.

देदेई


बुकोम
२० ऑक्टोबर १९९०

ताई,

हरलो.

बंदी उठून तीन महिने झाले तरी अटा ओदोईंनी रुमाल सोडला नव्हता. ते म्हणतात, घंटेनं माणूस सुस्तावतो, रुमालासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. बाकीच्यांनी लहानपणी घंटा ऐकली आहे. मी बॉक्सिंग शिकलो तेच मुळी मुक्यानं. त्या दिवशी घंटा वाजली ती मला ऐकूसुद्धा आली नाही असं पंच म्हणाले. पहिली फेरी संपल्यावर त्यांनी मला दंडाला धरून कोपऱ्यात आणलं.

आता संपूर्ण बुकोमला ही गोष्ट माहीत आहे. मी रस्त्यानं निघालो की कोणी ना कोणी दारात उभं राहून रुमाल काढतं. केंकेवाली बाई पानं पुसायचं फडकं दाखवते. मी हात वर धरून चालतो, मग ते खूश होतात. परवा एका म्हातारीनं मला थांबवून विचारलं, "तूच ना तो रुमालवाला?" मी हो म्हटलं. तिनं मला एक तळलेला मासा दिला. त्यामुळे सगळंच वाईट झालं असं नाही.

अटा ओदोईंनी त्या लढतीनंतर मला एक आठवडा ग्लोव्हज घालू दिले नाहीत. नुसतं समोर उभं राहायचं आणि समोरच्याला चुकवायचं. आठव्या दिवशी म्हणाले, "रुमालाकडे बघत होतास. आता माणसाकडे बघायला लागलास. खांदा बघतोस, टाच बघतोस. हे माझ्याकडे नाही शिकलास."

"दुकानात शिकलो. माणूस आत आला की माप घ्यायच्या आधी अंदाज करायचा, मग टेप लावून ताडून बघायचा. मास्टरांची सवय आहे."

"मग तेच कर," ते म्हणाले. "फक्त टेप लावायला जवळ जाऊ नकोस."

मंगळवारी कठीण जातं. मंगळवार समुद्राच्या विसाव्याचा, कोणी होडी घालत नाही, त्यामुळे सगळे कोळी जिममध्ये येतात. जाळी ओढून ओढून त्यांचे हात दोरखंडासारखे झालेत. बुधवारी मला मशीनचं चाक फिरवताना खांदा दुखतो. मास्टर म्हणतात, "आज बुधवार वाटतं. टाके वाकडे आहेत."

पण टाके उसवून परत घालतो. काम बिघडलेलं नाही. हे खरं आहे, वाऱ्यासारखं नाही.

तुझा
तेईको


कुमासी
१५ फेब्रुवारी १९९१

तेईको,

डिसेंबरात तुझी उमेदवारी संपली, मास्टरांनी तुला मोकळं केलं, तुला पांढरी पावडर लावून गल्लीतून मिरवलं, हे आफोलेमावशीकडून कळलं. तिनं फोटोही आणला. डोळ्याखाली निळं दिसतंय ते पावडरीनंही झाकलेलं नाही.

इकडे शाळांच्या गणवेशाचं काम आलं आहे. दोन शाळा. मशीन आणून ठेवलं आहे. रोज त्याच्यावरचं कापड झटकते, रोज धूळ बसते. रिकामं मशीन बघून गिऱ्हाइकं विचारतात, शिंपी कुठे? मी सांगते, शिंपी मार खायला गेला आहे, ऑगस्टात येईल.

सहज विचारते, आतापर्यंत लढती किती झाल्या आणि त्यांत जिंकलास किती. मला काही घेणं नाही. शेजारच्या दुकानांतल्या बायका विचारतात, आणि दर वेळी माहीत नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्यातली एक तर सारखी म्हणते की तिचा भाचा तुला एका फेरीत झोपवेल. तिला तोंडावर सांगण्यासारखं काहीतरी कळव.

होमोवोला सहा महिने उरले.

देदेई


बुकोम
२२ जून १९९१

ताई,

शेजारणीला सांग: सहा लढती, चार जिंकल्या, दोन हरल्या. त्यातली एक रुमालाची. भाच्याला मंगळवारी पाठव.

आता मुख्य गोष्ट. परवान्याची चाचणी १२ जुलैला, शुक्रवारी संध्याकाळी आहे, जुन्या उघड्या सिनेमाच्या आवारात. चार फेऱ्यांची लढत. मंडळाचे तीन लोक बघायला बसणार आणि ठरवणार. होमोवोच्या आधी दुसरी चाचणी नाही. म्हणजे हीच.

माझ्यासमोर चोरकोर वस्तीतला अजेते आहे. चोवीस वर्षांचा, कोळी, गेली बारा वर्षं खेळतो. त्यालाही परवाना हवा आहे. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे मंगळवारपर्यंत पाहिलं नव्हतं.

मी अजून मास्टरांकडेच शिवतो, आता मजुरीवर. मंगळवारी दुपारी मी दुकानात एकटाच होतो. एक माणूस दारात येऊन उभा राहिला. हसतमुख, बुटका, मान जाड.

"चड्डी शिवायची आहे. लढतीसाठी. निळी."

"कधी हवी?"

"बारा जुलैच्या आत."

माझ्या हातातली खडूची वडी खाली पडली. मी विचारलं, "नाव काय लिहू?"

"अजेते. चोरकोर."

त्यानं मला ओळखलं नाही असं वाटलं. मी माझं नाव सांगितलं नाही. काय करायला हवं होतं ते तूच सांग. मी टेप घेतली आणि माप घेतलं. चड्डीला कंबर, मांडी आणि लांबी पुरते. पण तो म्हणाला की वर घालायला बिनबाह्यांचा अंगरखाही पाहिजे, रिंगमध्ये येताना घालायला. मग छाती, खांदा, आणि हात कुठपर्यंत फिरतो ते बघायला हात. उजवा घेतला. डावा घेतला. पुन्हा डावा घेतला.

ताई, त्याचा डावा हात दीड इंच आखूड आहे. कधीतरी मोडलेला आणि तसाच जुळलेला. कोपर पुरतं सरळ होत नाही. चालताना, बोलताना कळत नाही, टेपला कळतं. म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला दीड इंचाची मोकळी जागा आहे. तिथं उभं राहिलं तर त्याचा ठोसा पोचायचा नाही आणि माझा पोचेल.

रात्रभर झोप आली नाही. सकाळी अटा ओदोईंना सांगितलं. ते दात घासत होते. काडी तोंडातून काढून म्हणाले, "किती इंच ते मला सांगू नकोस."

"का?"

"टेपनं कळलं ते गिऱ्हाइकाचं. रिंगमध्ये डोळ्यांना दिसेल ते तुझं."

"पण मला दोन्ही एकाच डोक्यात ठेवायचंय."

"ते तुझं डोकं, तू बघ," ते म्हणाले आणि परत दात घासायला लागले.

मास्टरांना विचारलं असतं तर त्यांनी चड्डी चांगली शिव एवढंच सांगितलं असतं. ती मी शिवतोच आहे. दुहेरी शिलाई घातली आहे. आजवर शिवलेली सगळ्यांत चांगली चड्डी मी मला हरवायला येणाऱ्या माणसासाठी शिवतो आहे.

मी ठरवलंय की त्या बाजूला जायचंच नाही. मग मन साफ राहील. हे बरोबर आहे का? लवकर लिही.

तुझा
तेईको


कुमासी
५ जुलै १९९१

तेईको,

तुझं पत्र बारा दिवस वाटेत होतं. हे वेळेत पोचेल की नाही, देव जाणे. तरी लिहिते.

मी कापड विकते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईचं कुठे काय सुटलंय ते ती पायरी चढतानाच मला कळतं. मी ते बाजारभर सांगत नाही. पण म्हणून तिला कमी कापडही देत नाही. सहा वार लागणार असेल तर सहा वार फाडते आणि तोंड मिटून देते. कमी दिलं तर तिचा मान राहत नाही, ती घरी जाऊन रडते.

तू त्याच्या डाव्या बाजूला जायचंच नाही असं ठरवलंस, म्हणजे तू त्याला लंगडा समजून खेळणार. बारा वर्षं खेळलेल्या माणसाला. तो तुझ्याकडे दया मागायला आला नव्हता, चड्डी शिवायला आला होता. पाय जातील तिकडे जाऊ दे.

अटा ओदोईंचं बोलणं मला आवडलं. पण दात घासताना दिलेला सल्ला अर्धाच असतो.

आता एक माझं. रिकाम्या मशीनचं जे लिहिलं ते खोटं होतं. मशीनवर फेब्रुवारीपासून एक मुलगी बसवली आहे. इथलीच आहे, आकोसुआ नावाची. हात चांगला आहे, गणवेश तिनंच पुरे केले. तुला सांगितलं असतं तर तू ढिला पडला असतास. तुला परवाना मिळाला नाही तर बोललेलं बोललेलं, तिला दुसरीकडे लावीन आणि तुला बसवीन. पण आता जे आहे ते हे आहे.

शेजारणीचा भाचा येणार नाही. त्याला मंगळवार जमत नाही म्हणे.

देदेई


बुकोम
१२ जुलै १९९१, संध्याकाळी

ताई,

तुझं पत्र अजून आलं नाही. वाट न बघता लिहितो. डावा डोळा मिटलेला आहे, ओळी वाकड्या जातील.

पाच वाजता आवार भरलं होतं. चोरकोरच्या बायका एका बाजूला, आपल्या दुसऱ्या बाजूला, आणि त्या आमच्या आधीच एकमेकींशी लढत होत्या. चोरकोरच्या एकीनं मोठ्या आवाजात विचारलं, "कुमासीकर, मुसळ विसरलास का? तुमच्या कुमासीचं फुफू कोण कुटणार?" आपल्या केंकेवालीनं तिला जे सांगितलं ते मी लिहीत नाही. मग आपल्या बाजूच्या पन्नास-साठ जणींनी एकदम पांढरे रुमाल काढले आणि हलवले. मी हात वर धरून रिंगभर एक चक्कर मारली. मंडळाच्या तिघांपैकी एक हसला.

अजेते निळ्या चड्डीत आला. माझी शिलाई. मला पाहून त्यानं मान हलवली, दुकानात हलवली होती तशीच.

पहिली फेरी मी ठरवल्याप्रमाणे खेळलो. त्याच्या डाव्या बाजूला गेलोच नाही. सतत त्याच्या उजव्या बाजूला राहिलो, आणि त्याचा उजवा हात फार चांगला आहे. फेरी संपेपर्यंत माझा डोळा सुजला. घंटा मला ऐकू आली, एवढंच बरं.

कोपऱ्यात अटा ओदोई म्हणाले, "अर्धी रिंग कोणाला भाड्यानं दिलीस का?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी काय म्हणालो? डोळ्यांना दिसेल ते तुझं, म्हणालो. तू तर डोळा मिटून घेतलास."

"तो त्यानं मिटवला."

"दुसरा आहे," ते म्हणाले आणि पाणी ओतलं.

दुसरी फेरीही तशीच गेली. मी जाणार म्हणायचो आणि पाय अडायचे. चोरकोरच्या बायका माझ्याकडे बघून जांभया द्यायला लागल्या. तिसऱ्या फेरीत त्यानं मला दोरावर दाबलं, मी त्याला मिठी मारली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. दातांत रबर होतं, तरी बोललो.

"तुझा डावा हात दीड इंच आखूड आहे. मला माहीत आहे. मी मोजलाय."

माझ्या कानाशी तो म्हणाला, "मी नऊ वर्षांचा असल्यापासून मला माहीत आहे."

"मला ते वापरायचं नाही."

तो हसायला लागला. मिठीतच. त्याचं पोट माझ्या पोटाला लागत होतं, म्हणून कळलं. म्हणाला, "अरे वेड्या, तुला काय वाटलं, चोरकोरमध्ये शिंपी नाहीत?"

पंचांनी आम्हाला वेगळं केलं. त्यानं मला उजव्यानं मारलं, मी चुकवलं, पुन्हा मिठी झाली.

"माप घेताना तू उजव्या गुडघ्यावर टेकतोस," तो म्हणाला. "डावा वाकवत नाहीस. मशीनचं पायडल मारून आखडलाय. मागे सरताना तुझा डावा पाय उशिरा येतो. तेच बघायला आलो होतो. वेळ काढायला अंगरख्याचं आपलं काहीतरी सांगितलं. मला तो नकोच होता."

ताई, मी त्याचं माप घेत होतो तेव्हा तो माझं घेत होता. त्याला टेपही लागली नाही. आणि मी तीन आठवडे त्याच्यासाठी झोपलो नव्हतो.

मग मला राग आला. आणि राग येऊन गेल्यावर फार हलकं वाटलं. मी त्याच्या डाव्या बाजूला गेलो. तिथं मोकळी जागा होती, पण बारा वर्षांत त्यानं ती राखायला शिकून घेतलं होतं. आत गेलो की खांदा पुढे यायचा. त्यालाही माझा डावा पाय मिळाला, पण मी मागे सरायचं सोडलं, पुढेच जात राहिलो. चौथी फेरी कशी झाली ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की चोरकोरच्या आणि बुकोमच्या बायका एकाच वेळी उभ्या होत्या आणि शिव्या थांबल्या होत्या. शेवटची घंटा झाल्यावर आम्ही दोघं दोराला धरून उभे होतो आणि कोणालाच खाली बसायचं नव्हतं.

मंडळाच्या तिघांपैकी दोघांनी लढत त्याला दिली, एकानं मला.

हरलो. ते आधी लिहायला हवं होतं, तू म्हणशील.

मंडळाचा जो माणूस हसला होता तो नंतर खाली आला. वयस्क आहे, काठी घेऊन चालतो. त्यानं दोघांची नावं लिहून घेतली. मी म्हणालो, "मी हरलो." तो म्हणाला, "मी बघत होतो. आम्ही परवाना जिंकल्याबद्दल देत नाही, चार फेऱ्यांत माणूस काय करतो त्याबद्दल देतो. पहिल्या दोन फेऱ्यांबद्दल तुला दिला नसता." मग विचारलं, "तिसऱ्या फेरीत तुम्ही दोघं एवढं काय बोलत होतात?"

अजेते म्हणाला, "कपड्यांबद्दल."

उद्या सकाळी डॉक्टर तपासणार. डोळा बघून त्यांनी नाही म्हटलं तर नाही. म्हणून अजून काही लिहीत नाही. हे पत्र उद्या टाकतो.

शनिवार, सकाळी

नऊला मंडळाच्या कचेरीत गेलो. अजेते आधीच बाकावर बसला होता. डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली, मी मोजली. गुडघ्यावर हातोडी मारून म्हणाले, मशीन दोन्ही पायांनी चालव. सही केली. परवाना शिक्क्याचा आहे, छापलेला आहे, कचेरीतल्या कारकुनानं नावात चूक केली होती ती सुधारून घेतली.

परत येताना दुकानात गेलो. तुझं पाच तारखेचं पत्र मशीनवर ठेवलेलं होतं. उभ्यानं वाचलं. आकोसुआला मशीनवरून उठवू नकोस.

मग मास्टरांनी दोन पँटी कापून दिल्या, त्या शिवायला बसलो.

तेईको